डॅशबोर्डची भेग पुन्हा पुन्हा उघडते? गोंद बदलण्याआधी बोल्ट मोजा

गाडी २००६ ची, सहाचाकी. हंगामात नारायणगावचा टोमॅटो वाशीला, एरवी मिळेल ते भाडं. कंपनी कोणती ते सांगत बसत नाही, कारण वय झालेल्या गाडीला हा आजार कंपनी बघून होत नाही. मीटरच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेली भेग तिरकी चढत काचेच्या रबरापर्यंत गेली होती. वीतभर तरी असेल. गाडी खड्ड्यात गेली की भेगेच्या दोन्ही कडा एकमेकींवर घासायच्या आणि कर्र कर्र वाजायच्या. रात्री माळशेज घाट उतरताना तो आवाज डोक्यात जातो.

ही भेग मी तीन वेळा बुजवली, तिन्ही वेळा ती परत उघडली. चौथ्यांदा बुजवली त्याला आता दोन उन्हाळे झाले. मधे जे कळलं ते लिहितोय. ज्यांची पहिलीच वेळ आहे त्यांनीही हे वाचूनच दुकानात जावं, म्हणजे माझ्यासारखे तीनदा पैसे जाणार नाहीत.

आधी काय काय फसलं

पहिल्यांदा दोन थेंबांत चिकटणारा गोंद. वाशीची एक खेप टिकला. हा गोंद सुकल्यावर काचेसारखा कडक होतो. ओढ सहन करतो, पण थरथर आणि वाकणं सहन करत नाही. त्यात उन्हाने डॅशबोर्ड तापला की त्याची पकडही ढिली होते. तुटलेल्या कपाच्या कानाला ठीक आहे, स्प्रिंगच्या पाट्यांवर उड्या मारणाऱ्या गाडीला नाही.

दुसऱ्यांदा हाताने मळायची एपॉक्सी पुट्टी वरून दाबून भरली. दोन महिने गेले आणि एक दिवस वाळलेल्या जखमेची खपली निघावी तशी अख्खी पट्टी हातात आली. उलटी करून बघितली तर खालची बाजू गुळगुळीत, चकचकीत. म्हणजे पुट्टी प्लास्टिकला चिकटलीच नव्हती. आमचा ड्रायव्हर हौशी, दर आठवड्याला डॅशबोर्डवर चमक आणणारं पॉलिश मारायचा. असल्या बहुतेक पॉलिशमध्ये सिलिकॉनचं तेल असतं. ते प्लास्टिकच्या बारीक खळग्यांत जाऊन बसतं आणि मग त्यावर ना गोंद धरत ना रंग.

तिसऱ्यांदा एका गॅरेजात दिली. त्यांनी पत्र्याच्या गाडीला भरतात तीच लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरली, घासली, वरून काळा रंग मारला. दिसायला झकास. दिवाळीला केलेलं काम शिमग्याला उघडलं, पण या वेळी गंमत वेगळी होती. लांबी जागच्या जागी शाबूत होती आणि तिच्या शेजारून, बोटभर अंतरावर, नवी भेग निघाली होती.

खरं तर इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. सांधा मजबूत झाला तर बाजूचं अंग फाटलं, म्हणजे काहीतरी त्या डॅशबोर्डला ओढत होतं. पण मी पुन्हा कुठला गोंद चांगला हेच विचारत फिरत होतो.

आबांनी भोकं मोजली

आमच्या शेजारचे आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. त्यांना गोंदाचं विचारायला गेलो तर टॉर्च घेऊन तेच केबिनमध्ये चढले. डॅशबोर्डच्या वरच्या कडेवर मुठीने हलकेच ठोकत डावीकडून उजवीकडे गेले. कुठे घट्ट आवाज, कुठे पोकळ खडखड.

"भोकं किती रे याला?"

"मोजली नाहीत आबा."

"आठ आहेत. बोल्ट किती?"

मी वाकून बघितलं. तीन होते. त्यातले दोन कंपनीचे नव्हतेच. मागे कधीतरी वायरिंगचं काम झालं तेव्हा कुणीतरी पत्र्यात घुसणारे टोकदार स्क्रू थेट प्लास्टिकमधून आरपार ठोकले होते, तेही वायसर न घालता, डोकं प्लास्टिकमध्ये रुतेपर्यंत आवळून.

"गोंदाला काय शिव्या घालतोस? जिथं हलायला पाहिजे तिथं तू त्याला बांधून ठेवलंय आणि जिथं बांधायला पाहिजे तिथं मोकळं सोडलंय. फाटंल नाय तर काय करंल?"

आबा एवढंच बोलले आणि चहा प्यायला घरात गेले. पुढचं मी घरी वही घेऊन मांडलं.

डॅशबोर्ड प्लास्टिकचा, तो बसतो लोखंडी चौकटीवर. तापल्यावर दोन्ही वाढतात, पण सारखे नाहीत. एबीएस प्लास्टिक दर मीटरला, दर अंशाला साधारण ०.०८ मिलिमीटर वाढतं, लोखंड ०.०१२. पॉलिप्रॉपिलिन तर एबीएसपेक्षाही जास्त. एप्रिलमध्ये पहाटे केबिनमध्ये पंचवीस अंश धरा. दुपारी उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ७० अंशांपर्यंत सहज जातो. हे अंदाजपंचे नाही. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या उन्हात केलेली मोजणी २०१८ मध्ये छापून आली होती. तासभर उन्हात ठेवलेल्या गाड्यांचा डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सिअस तापला होता, स्टिअरिंग ५३. आपल्याकडचा एप्रिल-मे त्याहून फार मवाळ नसतो.

आता ४५ अंशांचा फरक आणि दीड मीटरचा डॅशबोर्ड घेऊन गुणाकार करा. प्लास्टिक वाढलं सुमारे साडेपाच मिलिमीटर, खालचं लोखंड एक मिलिमीटरसुद्धा नाही. मधला साडेचार मिलिमीटर जायचा कुठे? म्हणून मूळ डॅशबोर्डला मधलं एखादं भोक गोल असतं आणि कडेची लांबट असतात, बोल्टाखाली रुंद वायसर असतो. प्लास्टिकने बोल्टाखालून सरकावं अशी ती सोय असते. आपण तिथे टोकदार स्क्रू मारला की ते सरकणं बंद. दुपारी डॅशबोर्ड फुगून कमानीसारखा उचलला जातो, रात्री आक्रसून ताणला जातो, आणि वर्षभर हाच व्यायाम केल्यावर जिथे सर्वांत कमजोर जागा असेल तिथे तडा जातो. उरलेली पाच भोकं रिकामी, त्यामुळे तो भाग खड्ड्यात फडफडतो आणि तडा पुढे पळवतो.

पटत नसेल तर एक पेन्सिल घ्या. पहाटे डॅशबोर्डच्या टोकाला, प्लास्टिकवरून शेजारच्या पत्र्यावर जाणारी एक सरळ रेघ ओढा. दुपारी दोन वाजता बघा. रेघेचे दोन तुकडे सरकलेले दिसले तर तुमचा डॅशबोर्ड मोकळा आहे, भेगेचं कारण दुसरं शोधा. रेघ अखंड राहिली आणि डॅशबोर्ड मधे फुगलेला वाटला, तर तो अडकलेला आहे. माझी रेघ दुपारीही जशीच्या तशी होती.

भेग कुठून निघाली ते बघा

भेगेला सुरुवात असते. ती जवळजवळ कधीच सपाट जागेतून निघत नाही, कुठल्या तरी भोकातून किंवा कोपऱ्यातून निघते. आपल्या गाड्यांत नेहमीचे गुन्हेगार ठरलेले आहेत.

गाण्यांचा टेप बसवण्यासाठी तापवलेल्या हॅकसॉ ब्लेडने कापलेली चौकट. तिचे कोपरे काटकोनी, टोकदार असतात, सगळा ताण त्या टोकात गोळा होतो. कोपरा कानशीने गोल केला की अर्धं काम होतं. मग छोटा पंखा. तो डॅशबोर्डवर दोन स्क्रूंनी उभा केलेला असतो आणि दिवसभर थरथरत स्क्रूची भोकं मोठी करत असतो. आणि मग देव. गणपती, खंडोबा, स्वामी समर्थ, ज्याचं जे दैवत. मूर्ती हलू नये म्हणून खालून स्क्रू मारतात, त्यात उदबत्तीचं घर शेजारीच. माझी दुसरी छोटी भेग बरोबर गणपतीच्या पाटाखालून निघाली होती, आणि तिथलं प्लास्टिक उदबत्तीच्या आचेने फोड आल्यासारखं झालं होतं.

आणखी एक, जे बरेच जण मानत नाहीत. डॅशबोर्ड चमकावा म्हणून डिझेलच्या किंवा रॉकेलच्या फडक्याने पुसणं. एबीएससारखं प्लास्टिक ताणाखाली असताना त्याला असली तेलं लागली की बारीक केसासारख्या चिरा पडतात. ताण नसता तर कदाचित काही झालं नसतं, तेल नसतं तरी कदाचित टिकलं असतं. दोन्ही एकत्र आले की बिघडतं. आमच्या ड्रायव्हरला हे सांगितलं तर म्हणाला, "मालक, मग चमकवायचं कशानं?" साबणाचं पाणी आणि ओलं फडकं. चमकलं नाही तरी चालेल. चकचकीत डॅशबोर्डचं प्रतिबिंब समोरच्या काचेत पडतं ते वेगळंच.

ऊन म्हणजे अतिनील किरण असं सगळे म्हणतात. पण पुढची काच दोन थरांची असते, मधे प्लास्टिकचा पडदा असतो, आणि तो अतिनील किरण बहुतेक अडवतो. मुख्य शत्रू उष्णता.

प्लास्टिक ओळखल्याशिवाय काही विकत घेऊ नका

डॅशबोर्ड काढल्यावर मागच्या बाजूला इंग्रजी अक्षरं उठावात दिसतात: एबीएस, पीपी, कधी पीपी-टी२०. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. टी२० म्हणजे त्यात वीस टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची भुकटी मिसळलेली. खूण सापडली नाही तर मागच्या कडेचा नखाएवढा तुकडा कापून घ्या.

त्यावर अ‍ॅसिटोनचा थेंब टाका आणि मिनिटभराने बोटाने दाबा. चिकट झाला, ठसा उमटला तर एबीएस. काहीच फरक पडला नाही तर बहुधा पीपी. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती आहे. साधं पीपी तरंगतं, एबीएस बुडतं. पण टाल्क मिसळलेलं पीपीही बुडतं, तेव्हा एकट्या त्या परीक्षेवर विसंबू नका. मी पहिल्यांदा त्यातच फसणार होतो.

मागून बघताना काचेच्या धाग्यांची जाळी दिसली, खरखरीत, हाताला खाज आणणारी, तर तो फायबर. ट्रकच्या बॉडी बिल्डरने बांधलेल्या केबिनमध्ये हा बऱ्याचदा सापडतो. आणि वरून दाबल्यावर मऊ लागत असेल, भेगेतून पिवळा स्पंज दिसत असेल तर तो गादीचा डॅशबोर्ड: वर पीव्हीसीची कातडी, खाली फोम. चारही प्रकारांचे उपाय वेगवेगळे आहेत.

काढताना

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पिकअपसारख्या गाडीत एअरबॅग असेल तर हे काम घरी करू नका. मीटरच्या मागचे कनेक्टर काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. स्पीडोमीटरची केबल असेल तर ती ओढू नका, टोपी फिरवून सोडवा. ती तुटली तर पासिंगला, म्हणजे आरटीओच्या तपासणीला, अडकाल, आणि आठ वर्षांवरच्या गाडीला पासिंग दर वर्षी आहे.

जुनं प्लास्टिक थंडीत ठिसूळ असतं. गाडी तासभर कोवळ्या उन्हात ठेवून मग काढायला घ्या. क्लिपा तुटतीलच, त्याचं दुःख करू नका.

एबीएसची भेग: माझी

बाहेर काढल्यावर पहिलं काम धुणं. भांडी घासायचा साबण आणि ब्रश, दोनदा. सुकल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणं, फडकं दर वेळी नवीन. पॉलिशचं तेल निघालं की नाही हे पाण्याने कळतं. पाणी थेंब थेंब होऊन पळत असेल तर तेल अजून आहे, सपाट पसरत असेल तर निघालं.

मग भेगेचं खरं टोक शोधायचं. डोळ्याला दिसतं त्याच्या पुढे ती गेलेली असते. भेगेवरून अल्कोहोलचा बोळा फिरवा. वरचा पृष्ठभाग क्षणात सुकतो, भेगेत शिरलेलं मागे राहतं आणि बारीक ओली रेघ दिसते. त्या रेघेच्या टोकापुढे दोन मिलिमीटरवर तीन मिलिमीटरचं भोक पाडा. भेगेचं टोक सुईसारखं तीक्ष्ण असतं, ताण तिथे एकवटतो. गोल भोकात तो पसरतो आणि भेग पुढे सरकायची थांबते. माझ्या तिन्ही दुरुस्त्यांत हे भोक कुणीच पाडलं नव्हतं.

आता मागची बाजू. खरी ताकद मागून द्यायची, वरची फक्त दिसण्यासाठी. भेगेच्या दोन्ही अंगांना चार-चार बोटं जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. भेगेच्या कडा जुळवून वरून चिकटपट्टी लावा. स्टीलची बारीक जाळी, पिठाच्या जुन्या चाळणीची चालते, दोन बोटं रुंद कापा आणि सोल्डरिंग आयर्नने प्लास्टिकमध्ये हलकेच रुतवा. आरपार जाऊ देऊ नका. धूर घशाला लागतो, उघड्यावर करा.

त्यावर एबीएसचा लगदा. त्याच प्लास्टिकचे भंगार तुकडे बारीक करून काचेच्या बरणीत अ‍ॅसिटोनमध्ये रात्रभर ठेवायचे, सकाळी श्रीखंडाएवढं घट्ट झालेलं मिळतं. नेलपॉलिश काढायचं पाणी चालत नाही, अनेकांत अ‍ॅसिटोन नसतंच. रंगाच्या दुकानातून अ‍ॅसिटोन आणा आणि जवळपास काडी-विडी नको. लगदा एकदम जाड थापू नका. पातळ थर, चार-पाच तास, मग दुसरा. जाड थरात आतला अ‍ॅसिटोन कोंडून राहतो आणि नंतर बुडबुडे येतात. मी घाई केली, एका जागी फोड आला, तो फोडून पुन्हा भरला.

लगद्याची कटकट नको असेल तर खरखरीत केलेल्या जागेवर काचेच्या कापडाची पट्टी आणि दोन ट्यूबचं सावकाश सुकणारं एपॉक्सी. पाच मिनिटांत सुकणारं घेऊ नका. चोवीस तास हात लावू नका. एबीएसवर हेही चांगलं धरतं.

मागचं पक्कं झाल्यावर वरून भेगेवर कटरने इंग्रजी व्ही आकाराची चर पाडायची, अर्ध्या जाडीपर्यंत. ती लगद्याने भरून, दोन दिवस सुकू देऊन, १२०, मग २२०, मग ४०० नंबरने घासायची. पत्र्याची लांबी इथे नको. ती कडक राहते, खालचं प्लास्टिक हलतं, आणि दोघांची फारकत होते.

पीपी असेल तर

एबीएसचा लगदा, एपॉक्सी, झटपट गोंद, काहीही पीपीला नीट धरत नाही. हे प्लास्टिक मेणचट असतं, कशाशीच सलगी करत नाही. ते वितळवूनच जोडावं लागतं. मागून स्टीलची जाळी रुतवायची आणि त्याच जातीच्या प्लास्टिकच्या पट्ट्या कापून, सोल्डरिंग आयर्नने शिवण घालावी तशा वितळवून मिसळायच्या. भंगारवाल्याकडे फुटके बंपर असतात, मागे पीपीची खूण बघून घ्या. जमत नसेल तर सरळ मागून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आणि रुंद वायसरसकट रिव्हेट. पण पट्टीला एका बाजूची भोकं सैल ठेवा, नाहीतर पुन्हा तेच बांधून ठेवणं झालं. रंग मारायचा असेल तर आधी प्लास्टिक प्रायमर हवाच, त्यातही पीपीला चालतो असं डब्यावर लिहिलेला.

फायबर

हा घरी करायला सर्वांत सोपा, फक्त सामान जपून हाताळायचं. पॉलिएस्टर रेझिन, काचेची मॅट, कोबाल्ट आणि हार्डनर एकाच दुकानात मिळतात, प्रमाण दुकानदार सांगतो. क्रम लक्षात ठेवा: आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण ढवळून घ्यायचं, नंतरच हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्हींना एकच चमचा किंवा एकच झाकणही वापरू नका. हातमोजे, चष्मा, आणि घासताना तोंडाला मास्क.

मागून भेगेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच, आतले धागे उघडे पडेपर्यंत घासा. मॅटचा पहिला तुकडा लहान, दुसरा मोठा, तिसरा त्याहून मोठा. रेझिन ब्रशने ठोकत भरायचं, फासायचं नाही, म्हणजे हवा निघते. फायबर उन्हाने फार फुगत नाही, त्यामुळे त्याच्या भेगा बहुतेक थरथरीच्या किंवा कुणीतरी वर उभं राहून काच पुसल्याच्या असतात. आमच्या क्लीनरला ही सवय होती.

गादीचा डॅशबोर्ड

याला घरी भेग बुजवायची आशा सोडा. पीव्हीसीच्या कातडीतलं मऊपणा देणारं द्रव्य वर्षानुवर्षं उडून जातं. काचेवर आतून तेलकट धुरकट थर बसतो, त्यात ते बऱ्यापैकी असतं. कातडी आक्रसते, आटलेल्या तळ्याचा गाळ भेगाळावा तशी. आता ती कापडच कमी पडलेल्या सदऱ्यासारखी आहे, दोन्ही कडा ओढून जुळवल्या तर शेजारी फाटणार. उचललेल्या कडा ब्लेडने कापून सपाट करा, खड्डा लवचिक पीयू फिलरने भरा आणि कुशनवाल्याकडून वर रेक्झिन चढवून घ्या. गडद, चमक नसलेलं रेक्झिन मागा.

खरं सांगायचं तर कडक प्लास्टिकवरही दुरुस्तीची रेघ थोडी दिसतेच, कारण मूळचे दाणे परत उमटवता येत नाहीत. मी मॅट काळा स्प्रे दोन हात लांबून, भुरभुर पडेल असा मारला. त्याने थोडे दाणे येतात. जवळून बघणाऱ्याला दिसतं. मला चालतं.

परत बसवताना, म्हणजे खरी दुरुस्ती

मधलं एक भोक गोल ठेवा, तो डॅशबोर्डचा खिळा. बाकीची भोकं गोल कानशीने आडवी लांबवा, दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलिमीटर. दीड मीटरच्या डॅशबोर्डचं एक टोक मध्यापासून सव्वादोन मिलिमीटरच्या आसपास सरकतं, तेव्हा एवढं पुरतं. प्रत्येक बोल्टाखाली रुंद वायसर आणि त्याखाली जुन्या ट्यूबच्या रबराची चकती. नट नायलॉनवाले घ्या, म्हणजे पूर्ण न आवळताही थरथरीने सुटत नाहीत. मधून सुरुवात करून कडेला जा. घट्ट लागला की पाव फेरी मागे. ज्यांचा हात दणकट आहे त्यांनी पाना लहान घ्यावा.

चौकटीच्या कानाचे आटे गेले असतील तर तिथे मोठा स्क्रू ठोकू नका, मागून नट वेल्ड करून घ्या किंवा क्लिप-नट बसवा. आठच्या आठ जागा भरा. पत्रा आणि प्लास्टिक जिथे घासतात तिथे फेल्टची किंवा फोमची पट्टी चिकटवली की कुरकुर जाते.

एवढं करूनही उघडली तर

जुन्या रेघेवरच उघडली आणि भरलेलं अखंड निघालं, तर धुण्यात कसर राहिली किंवा प्लास्टिक ओळखायला चुकलात. भरलेलं जागेवर आणि शेजारून नवी भेग गेली, तर बोल्ट अडकलाय. पेन्सिलची रेघ पुन्हा ओढा. भोकाच्या पलीकडून भेग पुढे गेली, तर भोक टोकाच्या अलीकडे पडलं होतं. आणि सगळं नीट असून दर वेळी एकाच बाजूला होत असेल, तर डॅशबोर्ड सोडा आणि केबिनच्या खालची रबरं बघा. त्या बाजूचं रबर बसलं असेल तर अख्खी केबिन पिळवटते. आबांच्या म्हणण्याप्रमाणे एसटीत असल्या तक्रारी आधी खालून तपासायचे.

गाडी उभी करताना तोंड उत्तरेला करता आलं तर करतो, नाहीतर काचेला आतून चांदीसारखा पडदा. काचेवर काळी फिल्म लावायचा सल्ला कुणी देईल. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्या बंद केल्या. नंतर नियम थोडे सैल झाले, तरी पुढच्या काचेतून सत्तर टक्के उजेड आत यायलाच हवा. आणि थांबलेल्या गाडीला पडदा फिल्मपेक्षा चांगला.

गणपती आता दुतर्फी फोमच्या चिकटपट्टीवर आहे, उदबत्तीचं घर खाली पितळी ताटलीत गेलंय, पंखा छताला. ड्रायव्हरला वाटलं होतं मूर्ती पहिल्याच घाटात पडेल. पडली नाही. पेन्सिलच्या रेघा मी पुसल्या नाहीत. पहाटे निघताना त्या जुळलेल्या असतात, वाशीला माल उतरवून दुपारी बघितलं की दोन मिलिमीटर सरकलेल्या.